केळशी गाडीतली ‘आजी’

मी दापोली तालुक्यातल्या गाड्यांवर वाहक आहे. प्रवाशाचे वय अंदाजणे हा आमच्या कामाचाच भाग असतो, कारण तिकिटाचा दर वयावर ठरतो. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धे तिकीट असते, त्यामुळे मिसरूड फुटलेला मुलगाही आईच्या हिशेबात बराच काळ अकरा वर्षांचाच राहतो. पासष्ट पूर्ण झालेल्यांना अर्ध्या दरात प्रवास करता येतो आणि ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीत पैसेच पडत नाहीत, मात्र त्यांच्यासाठी शून्य रकमेचे तिकीट मशीनमधून काढावे लागते. १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट लागू झाले आणि माझ्या कामातला एक फार नाजूक प्रश्न एका दिवसात निकालात निघाला. त्याआधी समोरच्या बाईंना ‘पासष्ट झाली का?’ असे विचारणे भाग पडत असे. ज्यांची झालेली नसे त्यांचा चेहरा उतरे, ज्यांची झालेली असे त्या आधार कार्ड पुढे करताना शेजारणीला दिसणार नाही अशा बेताने हात आडवा धरत. सवलत सगळ्यांना हवी होती, पण ती ज्या वयामुळे मिळते ते वय गाडीभर ऐकू जायला नको होते.

अर्ध्या तिकिटामुळे हा प्रश्न विचारावा लागेनासा झाला, तरी बायकांना कशी हाक मारावी हा घोळ काही सुटला नाही. तो किती खोल आहे हे मला गौरी आवाहनाच्या दिवशी एका फेरीत पाहायला मिळाले.

त्या दिवशी आमच्या भागात निम्मी गाडी माहेरवाशिणींनी भरलेली असते. हर्णै-आंजर्लेमार्गे केळशीला जाणारी आमची गाडी दापोली स्थानकातूनच खच्चून भरून निघाली. पिशव्या, नारळ, नव्या साड्यांची खोकी, मांडीवर झोपलेली पोरे, आणि मधल्या वाटेत एकमेकींना धरून उभ्या असलेल्या बायका. मी तिकिटे काढत मागे सरकत होते, तेवढ्यात मधल्या बाकावरचा एक कॉलेजचा मुलगा उठून उभा राहिला आणि शेजारी दांडी धरून उभ्या असलेल्या बाईंना अगदी आदराने म्हणाला, “आजी, तुम्ही बसा ना.”

बाई साठीच्या असाव्यात. केस काळे केलेले, कडक इस्त्रीची सुती साडी, खांद्याला पर्स. त्यांनी मुलाकडे पाहिलेही नाही. “मी ठीक आहे,” एवढेच म्हणाल्या आणि दांडी अधिक घट्ट धरली. मुलाला वाटले संकोच करताहेत, म्हणून त्याने आवाज चढवला, “अहो आजी, खरंच बसा, पुढे उतार आहे!” आता अर्धी गाडी वळून पाहू लागली. बाईंचा चेहरा लाल झाला. “तुझी आजी घरी असेल. मी उभी राहते.” मागून कोणीतरी फिसकन हसले. मुलगा उभा, बाई उभ्या आणि एवढ्या गर्दीत ती एक जागा रिकामी. आसूदच्या उतारावर गाडी लागली तरी ती तशीच रिकामी राहिली.

त्याच बाकावर खिडकीशी हर्णैची एक कोळीण बसली होती. माल विकून झालेला, रिकाम्या टोपल्या पायाशी. तिने बाईंचा पदर धरून सरळ ओढले. “बस गो बाय! उगाच पाय कशाला मोडून घेतेस?” आणि बाई बसल्या. निमूटपणे, जराशा हसूनच बसल्या.

मुलाने बाईंना ‘तुम्ही’ म्हटले होते, उठून जागा दिली होती, आवाजात अदब होती. कोळणीने एकेरी हाक मारली, पदर ओढला आणि वर बोलही लावला. तरीही अपमान वाटला तो पहिल्या वागण्याचा. मी तिकिटे काढता काढता याच गोष्टीचा विचार करत राहिले आणि मला वाटते ते असे की, मुलाच्या बोलण्यातला आदर बाईंना स्वतःपासून दूर, पलीकडच्या काठावर नेऊन ठेवत होता, तर कोळणीच्या ‘गो’ने त्यांना आपल्या बरोबरीला बसवून घेतले. वय वाढते तशा बाईला एकेरी हाक मारणारी माणसे कमी होत जातात. आई जाते, मोठी बहीण जाते, शाळेतल्या मैत्रिणी पांगतात, आणि उरतात ते सगळे ‘अहो’ म्हणणारे.

तिकीट काढायला मी त्यांच्यापाशी पोहोचले तेव्हा बाई बऱ्यापैकी निवळल्या होत्या. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या, अलीकडेच निवृत्त झालेल्या. माझा गणवेश पाहून असेल किंवा मी त्यांना काहीच हाक न मारता नुसते ‘कुठे जायचं?’ विचारले म्हणून असेल, त्या मोकळेपणाने बोलल्या. “मुलगा चांगला आहे हो, कळतं मला. पण त्यानं ते सगळ्या गाडीला जाहीर केलं. आणि मी कोणाची आजी? लग्नच केलं नाही मी. सून नाही, नातू नाही. बँकेत ‘काकू’ म्हणतात, बाजारात ‘मावशी’, आणि आता हा ‘आजी’. चार भावांची बहीण आहे, भाचरांची आत्या आहे. पण परका माणूस कधी ‘आत्या’ म्हणून हाक मारतो का?”

मला हे कधी सुचले नव्हते. गाडीत दिवसभर ताई, वहिनी, मावशी, काकू, मामी आणि मुसलमान मोहल्ल्याच्या थांब्यावर चाची, खाला असे ऐकू येते, पण अनोळखी बाईला आत्या म्हणणारा प्रवासी मला अजून भेटायचा आहे. ‘मावशी’ची गंमत तर आणखी वेगळी. दवाखान्यात झाडलोट करणारीलाही मावशी म्हणतात, म्हणून काही बायकांना ती हाक चालत नाही. पण त्यांचे हे नाक मुरडणे वयासाठी नसते, दर्जासाठी असते, आणि त्याबद्दल मला विशेष सहानुभूती वाटत नाही.

पलीकडच्या बाकावर एक खूप वृद्ध बाई बसल्या होत्या, नऊवारी, हातात कापडी पिशवी. हा सगळा संवाद त्या कान देऊन ऐकत होत्या. आडे गावाचे तिकीट मागताना म्हणाल्या, “अर्धं दे.” मला त्या पंच्याहत्तरीच्या पुढच्या वाटल्या, म्हणून मी वाकून हळूच विचारले. “छे गो, सत्तर,” म्हणून त्यांनी पैसे पुढे केले. पण थोड्याच वेळात शेजारणीला आपल्या आजोळच्या, अलिबागकडच्या आठवणी सांगताना त्यांच्या तोंडून निघून गेले की, ‘रामदास’ बोट बुडाली तेव्हा मी आईच्या अंगावर पीत होते. मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ १७ जुलै १९४७ रोजी बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली, हे किनाऱ्यावर वाढलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. जन्माचा दाखला नसलेल्या पिढीचे वय असेच कशाच्या तरी आधाराने धरलेले असते. मी पुन्हा त्यांच्याजवळ गेले आणि म्हटले, “तुमचं तिकीट फुकट होईल, कार्ड असेल तर दाखवा.” त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिले. “कार्ड हाय पिशवीत. र्‍हाऊ दे. माहेरी चाललेय मी. आज नको.”

सवलत हा हक्क आहे, तिची सक्ती नाही. मी पुढे गेले.

मग त्या तिघी बोलू लागल्या, शिक्षिका, कोळीण आणि या आडेकर बाई, आणि गाडीच्या आवाजातही मला तुकडे ऐकू येत राहिले. आडेकर बाई सांगत होत्या की, नवरा गेल्यानंतरच्या पहिल्या लग्नपत्रिकेत त्यांच्या नावापुढे ‘श्रीमती’ छापावे की ‘गं. भा.’ यावर पुतण्यांची संध्याकाळभर चर्चा चालली होती, त्या आत चुलीपाशी बसून ऐकत होत्या आणि त्यांना विचारायला कोणी आत आले नाही. मला २०२३ चा तो उन्हाळा आठवला. मार्चमध्ये बाईचे वय किंवा लग्न न विचारता अर्धे तिकीट देणारा निर्णय लागू झाला, आणि पुढच्याच महिन्यात महिला व बालविकास मंत्र्यांनी विधवांच्या नावापुढे ‘गंगा भागीरथी’ लावण्याचा विचार पुढे आणला, ज्यावर राज्यभर टीका झाली. एसटीचे तिकीट या बाबतीत मला फार सभ्य वाटते. त्यावर कोठून कोठे आणि किती हे असते, बाईचे नाव किंवा लग्न नसते.

हर्णैला कोळीण उतरली, गाडी पूल ओलांडून आंजर्ल्याला आली, पुढे आड्याच्या थांब्यावर छत्री घेतलेला एक तितकाच म्हातारा माणूस उभा होता. “आलीस गो चिमे? किती उशीर!” तो ओरडला. पंच्याहत्तरी लपवणाऱ्या बाई भराभर पायऱ्या उतरल्या; हात द्यायला मी पुढे झाले होते, तो त्यांनी घेतला नाही.

माझे स्वतःचे म्हणाल तर खाकी गणवेशाने मला बरेच सांभाळून घेतले आहे. ड्यूटीवर मी ‘मॅडम’ किंवा ‘कंडक्टर बाई’ असते, वयाचा कोणी विचार करत नाही. साडी नेसून बाजारात गेले की पूर्वी ‘ताई’ ऐकू येई, हल्ली भाजीवालाही ‘काकू’ म्हणतो, आणि मी त्याच्याकडून काही न घेता पुढच्या गाड्यावर जाते. हे शहाणपणाचे नाही, कोथिंबीर त्याचीच चांगली असते.

केळशीला गाडी रिकामी झाल्यावर तो मुलगा माझ्याजवळ आला. “मॅडम, मी काय म्हणायला हवं होतं?” मी म्हटले, काहीच नाही, नुसते उठून ‘बसा’ म्हणायचे. त्याला ते पटले नाही. मोठ्या माणसाशी हाक न मारता बोलणे उद्धटपणाचे, असे घरी शिकवले आहे म्हणाला, आणि त्याचेही चूक नव्हते. शेवटी त्याने स्वतःच ठरवले की, यापुढे सगळ्यांना ‘मॅडम’ म्हणायचे.

रोजचा प्रवासी असल्याने तो पुढे भेटत राहिला आणि त्याने आपला नियम पाळलाही. शिक्षिका बाई एकदा पुन्हा त्याच गाडीला होत्या, त्यांना ते चालले. मग एका सकाळी हर्णैच्या थांब्यावर तीच कोळीण भरलेल्या टोपल्या घेऊन चढू लागली. हा धावत पुढे झाला, टोपलीला हात लावला आणि म्हणाला, “द्या मॅडम, मी घेतो.” कोळणीने टोपली त्याच्या हातातून काढून घेतली. “म्याडम कोणाला म्हणतोस रे? मावशी म्हण, नायतर हात लावू नको.”