छेद मोठा, भोक लहान

शाळेच्या स्मरणिकेसाठी जुने फोटो जमवायचं काम समितीने माझ्या गळ्यात घातलं, कारण मी गेली तीसेक वर्षं ठाण्यात, नौपाड्यात फोटो स्टुडिओ चालवतो. ‘हाय रिझोल्यूशन पाठवा’ असं मी ग्रुपवर लिहिलं आणि संध्याकाळपर्यंत फोन फोटोंनी भरून वाहू लागला. त्यातले छापण्याजोगे नऊ. बाकीचे फॉरवर्ड होत होत इतके दाबले गेले होते की बाईंच्या साडीचे काठ आणि मागची भिंत एक झाली होती.

माझ्याच बेंचवरच्या एका मित्राने सहलीचा फोटो पाठवला. ६०० बाय ४०० पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके. चांगल्या छपाईला इंचात ३०० ठिपके धरतात, म्हणजे हा फोटो दोन इंच रुंद आणि सव्वा इंचाहून थोडा उंच. साहेबांना पानभर हवा होता. फाटेल, ठिपके सुटे दिसतील म्हटलं, तर भाच्याकडून ७२ डीपीआयचे (इंचात किती ठिपके, तो आकडा) ३०० करून घेऊन पुन्हा पाठवला. मोजले तर पिक्सेल तेवढेच! रेशनकार्डावर नावं वाढवली म्हणून घरात माणसं वाढत नाहीत. (मित्रा, तुझा फोटो पान उलटल्यावर कोपऱ्यात आहे. भिंग घेऊन बघ.)

ही सगळी भाषा मला शाळेनेच दिली. आमचे गणिताचे सर शनिवारी शाळा सुटली की प्रयोगशाळेमागच्या अडगळीच्या खोलीत फोटोग्राफी शिकवायचे. फी नव्हती. अट एकच, रोलचे पैसे सगळ्यांनी वर्गणी काढून भरायचे. कॅमेरा सरांचा स्वतःचा. वरून वाकून बघायचा, दोन काचांचा यशिका. त्यात डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे दिसायचं, त्यामुळे तलावपाळीवर पहिल्यांदा बदकांच्या मागे कॅमेरा फिरवताना मी प्रत्येक वेळी उलट्याच बाजूला गेलो. रोलमध्ये फोटो फक्त बारा. बाराच असल्यामुळे सर आधी शब्द पाठ करून घ्यायचे आणि मगच कॅमेरा हातात द्यायचे.

शटर म्हणजे झडप, ती किती वेळ उघडी राहते ते. ॲपर्चर म्हणजे भोक, ते केवढं उघडतं ते. एएसए म्हणजे फिल्मची उजेडाची भूक. आज कॅमेऱ्यात आयएसओ दिसतो तो आकडा तोच. फिल्मवरचे चांदीच्या क्षारांचे कण जाड असले की थोडक्या उजेडातही काम भागतं, पण फोटो जाड रव्यासारखा दिसतो. बारीक कण असले की फोटो नितळ, पण उजेड भरपूर लागतो. सरांचा हा रवा मी अजून नव्या मुलांना खिलवतो. फक्त आता सांगावं लागतं की डिजिटलमध्ये आयएसओ वाढवला म्हणून कॅमेऱ्यात जास्त उजेड शिरत नाही. आलेलाच मोठा करून दाखवला जातो, रेडिओचा आवाज वाढवावा तसा, आणि खरखरही वाढते.

ॲपर्चरचे आकडे मात्र मला चढेनात. २.८, ४, ५.६, ८, ११, १६ हे घोकलं होतं. पण आकडा वाढला की भोक लहान होतं, हे डोक्यात शिरायचं नाही. अपूर्णांकांत मी आधीच कच्चा.

१९८५ च्या जूनअखेरीला आपले घंटावाले शिपाईमामा निवृत्त झाले. फोटो काढायचा मान माझा. आभाळ गच्च भरलेलं. सरांनी एफ ५.६ आणि सेकंदाचा १२५ वा भाग लावून कॅमेरा माझ्याकडे दिला आणि ते हार आणायला गेले. मला वाटलं, एवढं अंधारून आलंय, उजेड जास्त घ्यायला हवा. मी आकडा वाढवून १६ केला. बाराच्या बारा फोटो त्यावर काढले. व्हरांड्याच्या पायरीवर मामा, हातात टोल, मागे सूचनांचा फळा, आजूबाजूला आम्ही.

पुढच्या शनिवारी सरांनी टाकीतून रोल काढला आणि उजेडासमोर धरला. निगेटिव्ह जवळपास कोरी काचच. सर रागावले नाहीत, हे जास्त लागलं. खडू घेतला आणि विचारलं, “५.६ वरून ८ ला गेलास, उजेड किती राहिला?” निम्मा. “११ ला?” पाव. “१६ ला?” मी गप्प. “रुपयातले दोन आणे. सोळा आण्यांचं काम तू दोन आण्यांत उरकायला निघालास.” मग लिहिलं: एफ भागिले १६. एफ म्हणजे काचेचं नाभीय अंतर. आमच्या कॅमेऱ्याचं ८० मिलिमीटर, त्याला १६ ने भागलं की ५ मिलिमीटरचं भोक. ५.६ ने भागलं असतं तर १४ च्या वर. “छेद मोठा, भोक लहान. पाचवीत शिकवलंय.” लाल दिव्याखाली छापलेल्या कागदावर, हायपोच्या (फोटो पक्का करणाऱ्या रसायनाच्या) वासात फक्त एक पांढरी टोपी वर आली.

ती निगेटिव्ह सरांनी मलाच देऊन टाकली. या कामाच्या निमित्ताने ट्रंकेतून काढली आणि २४०० डीपीआयला स्कॅन केली. ५६ मिलिमीटरच्या चौकोनाचे बाजूला साधारण ५३०० पिक्सेल. १९५७ साली रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो स्कॅन केला, डिजिटल चित्रांची सुरुवात तिथून मानतात. तो होता १७६ बाय १७६. आजच्या छपाईत तो हॉल तिकिटावरच्या फोटोपेक्षाही लहान येईल. स्कॅन मी १६ बिटमध्ये ठेवला. ८ बिटमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या, १६ बिटमध्ये ६५,५३६. पातळ, म्हणजे कमी उजेड मिळालेली निगेटिव्ह ताणून उजळ करायची तर पायऱ्या जास्त लागतात, नाहीतर पट्टे उमटतात.

दोन रात्री त्यावर बसलो. जिथे उजेड पोचलाच नव्हता तिथे फिल्मवर काही घडलेलंच नाही, ते संगणकालाही आणता येत नाही. मुलांचे चेहरे गेलेच. पण टोपीखाली मामांचं कपाळ आलं, नाकाचा शेंडा आला, टोल धरलेली मूठ आली. आणि भोक लहान ठेवल्याचा एक फायदा झाला, पुढचं-मागचं सगळं फोकसमध्ये आहे. मागच्या फळ्यावरचा खडू स्वच्छ वाचता येतो: ‘उद्या शाळा सकाळची.’

पान २३ वर छापलाय. समितीने ‘अजून उजळ करा’ म्हणून दोनदा परत पाठवला होता.