सीएन रेणूचा थर्मामीटर

भुजंगधारी तारकासमूहातला झीटा ओफियुकी तारा मला फार आवडतो, आणि त्याचं कारण म्हणजे त्याच्यासमोर पसरलेला ढग. ताऱ्याचा प्रकाश त्या ढगातून येताना ठरावीक रंग गाळले जातात, वर्णपटात बारीक काळ्या रेषा उमटतात, आणि त्यावरून कळतं की तिथे सीएच (कार्बन-हायड्रोजन), सीएच प्लस (त्याचंच धनभारित रूप), सीएन (कार्बन-नायट्रोजन) असे दोन-दोन अणूंचे साधे रेणू आहेत. १९४० च्या सुमारास अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेत ॲडम्स या खगोलशास्त्रज्ञाने या रेषा टिपल्या. त्यात सीएनच्या दोन रेषा शेजारी शेजारी दिसल्या, एक ठळक आणि एक एकदम फिकी. फिकी रेषा येते ती थोडे फिरत असलेल्या रेणूंमुळे, मग त्यांना ही जराशी ऊर्जा देतं कोण? कॅनडातल्या अँड्र्यू मॅकेलर या खगोलशास्त्रज्ञाने दोन रेषांच्या प्रमाणावरून १९४१ मध्ये तापमान काढलं, साधारण २.३ केल्विन! म्हणजे विश्वाच्या पार्श्वभूमी प्रारणाचं (महास्फोटानंतर उरलेल्या, सगळीकडे पसरलेल्या मंद प्रारणाचं) तापमानच जवळपास मोजलं गेलं होतं, पण ते कोणाच्या लक्षातच आलं नाही यार. पेन्झियास आणि विल्सनने लावलेला या प्रारणाचा शोध १९६५ मध्ये जाहीर झाला, मग लोकांनी जुना आकडा परत काढून पाहिला आणि तो जुळला. नोबेल मात्र त्या दोघांना १९७८ मध्ये मिळालं, मॅकेलर १९६० मध्येच गेले होते, याचं मला खरंच वाईट वाटतं.