चिचोक्यांचा हातचा

आज वेचलेला कापूस अंगणात काट्यावर मोजत होतो. तिसरीतली पोरगी वही घेऊन बसली. एक गाठोडं १८ किलो, दुसरं २३. हातच्याचा घोळ नेहमीचाच. माय म्हणे, “चिचोके आन वं!” दोन्ही आकड्यांचे दहा-दहाचे ढीग मांडले. सुटे आठ न् तीन मिळून अकरा. त्यातला दहाचा नवा ढीग झाला, एक उरला. पोरगी ओरडली, “बाबा, हातचा मंजे हा ढीग व्हय!” (दोन वर्षं मी हेच पाटीवर घासत होतो.)

मग मायनं तिच्या काळातली दिडकी, म्हणजे दीडपटीचा पाढा, काढली. साताची दीडपट साडेदहा, फटकन. मी मोबाइलच शोधत होतो.

तेवढ्यात धाकट्यानं एक चिचोका पळवला. पोरगी अडून बसली, कापूस ४० किलोच आहे म्हणून.