समोरच्या वकिलाबरोबर लिहिलेलं पत्रक

नव्यानं सनद घेतलेल्या वकिलांसाठी एक पत्रक काढायचं आमच्या वकील संघात ठरलं. वकिलांनी एकमेकांशी कसं वागावं, एवढाच विषय. ते लिहिण्याचं काम संघानं मुद्दाम अशा दोघांवर टाकलं, जे त्याच सुमारास एका प्रकरणात एकमेकांविरुद्ध उभे होते. एक मी. दुसरे वयानं आणि अनुभवानं माझ्याहून बरेच ज्येष्ठ. खाली दोघांच्याही सह्या हव्यात, ही अट होती.

प्रकरण मुलाच्या ताब्याचं होतं, १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखालचा अर्ज. मी आईची वकील, ते वडिलांचे. (ओळख पटेल असे तपशील मी इथे बदलले आहेत.) त्यांच्या कैफियतीतला, म्हणजे अर्जाला दिलेल्या लेखी उत्तरातला, परिच्छेद चौदा म्हणजे आईच्या चारित्र्यावर पानभर मजकूर. त्यात ना तारीख, ना साक्षीदाराचं नाव, ना आधाराला एखादा कागद. माझ्या अशिलानं तो वाचला आणि फाईल मिटून मला म्हणाली, "मॅडम, आता आपणही त्याचं सगळं बाहेर काढायचं." कौटुंबिक वाद असेच चिघळतात. एक बाजू लिहिते, दुसरी त्याच्या दुप्पट लिहिते, आणि ज्या मुलाच्या हितासाठी अर्ज केलेला असतो ते कुठल्याच पानावर सापडत नाही.

पत्रकासाठी आम्ही बसलो त्याच दिवशी दुपारी माझ्या अशिलाची उलटतपासणी होती. बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या प्रकरणांच्या यादीत, आमचा पुकारा लंच ब्रेकनंतरच होणार होता, म्हणून सकाळी बाररूमच्या कोपऱ्यातलं टेबल धरलं. मी एक मसुदा करून नेला होता. व्यवसायाची थोर परंपरा, प्रतिष्ठा, आदर असं सगळं त्यात होतं. साहेबांनी, म्हणजे त्या ज्येष्ठ वकिलांनी, तो शांतपणे वाचला आणि म्हणाले, "मॅडम, यातलं एकही वाक्य चुकीचं नाही. पण उद्या सकाळी अकरा वाजता कोर्टात उभं राहणाऱ्या मुलानं यातलं नेमकं करायचं काय?"

मग आम्ही कोरा कागद घेतला. खरं तर बरंच काही आधीच लिहिलेलं आहे. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाखाली भारतीय विधिज्ञ परिषदेनं केलेल्या नियमांमध्ये व्यावसायिक आचरण आणि शिष्टाचारावर आख्खं प्रकरण आहे. वकिलानं स्वतःला अशिलाचं नुसतं मुखपत्र समजू नये, पत्रव्यवहारात संयमाची भाषा वापरावी, दाव्या-कैफियतीत बदनामीकारक हल्ले टाळावेत, असं त्यात स्पष्ट आहे. समोरच्या पक्षकाराला वकील असेल तर वादाच्या विषयावर त्याच्याशी परस्पर बोलू नये. समोरच्या बाजूला दिलेला रास्त शब्द लेखी नसला, कोर्टात बजावता येत नसला, तरी पाळायचा होईल तितका प्रयत्न करावा. हा शेवटचा नियम मला सगळ्यात मोलाचा वाटतो. "पुढच्या तारखेला कागद देतो" यावर विश्वास ठेवता आला नाही तर प्रत्येक बारीक गोष्टीसाठी अर्ज करावा लागेल, आणि त्या अर्जांवर सुनावणी घेण्यातच कोर्टाचा दिवस जाईल.

नियम आहेत, तरी वागणूक का घसरते? यावर आमचं बराच वेळ बोलणं झालं. माझं मत मी तिथेच सांगितलं. वकिलाला समोरच्या वकिलापेक्षा स्वतःच्या अशिलाची भीती जास्त असते. व्हरांड्यात दोन वकील हसून बोलताना दिसले की अशील मनात म्हणतो, आपला वकील फुटला. मुदतीच्या अर्जाला विरोध केला नाही, फुटला. आवाज चढवला नाही, फुटला. एकट्यानं सभ्य राहणारा वकील असा संशयात सापडतो, आणि तो संशय टाळायला गरज नसताना आवाज चढवतो. तेच नियम दोन्ही बाजूंनी एकत्र सांगितले तर अशिलाला कळतं की इथली रीतच ही आहे, यात आपल्याला कुणी विकलेलं नाही. म्हणून पत्रक बाररूममध्ये लावून भागणार नाही, वकीलपत्रावर सही घेतानाच ते अशिलाच्या हातात पडलं पाहिजे, असं मी सुचवलं. साहेबांना ते पटलं.

वाक्यं मग भराभर होत गेली. अर्जाची प्रत समोरच्याला वाचायला वेळ मिळेल अशी द्या. मुदत मागण्याचं कारण खरं असेल आणि आपल्या अशिलाचं नुकसान होत नसेल तर विरोधासाठी विरोध करू नका. समोरचा ज्युनियर एकटा उभा असेल तर ती संधी समजू नका. अडलो ते पुढच्या वाक्यावर. मी लिहिलं होतं, "अशिलाचा राग कागदावर उतरवण्याआधी त्यातलं किती सिद्ध करता येईल हे स्वतःला विचारा."

साहेब थांबले. "हे परिच्छेद चौदाबद्दल आहे का?"

"सगळ्यांबद्दल आहे," मी म्हणाले. "पण परिच्छेद चौदाबद्दलही आहे."

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६, नियम १६ खाली असा मजकूर वगळून घेण्याचा अर्ज मला करता आला असता, आणि तो माझ्या बॅगेत तयारही होता. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी रागावून उत्तर दिलं नाही. वाक्य तसंच ठेवा म्हणाले आणि उठून बाहेर गेले. लंच ब्रेकभर ते व्हरांड्याच्या टोकाला त्यांच्या अशिलाशी बोलत होते. तो माणूस हातवारे करत होता, मान हलवत होता. काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही आणि मी कधी विचारलंही नाही.

पुकारा झाल्यावर त्यांनी एक पुरसिस, म्हणजे कोर्टाला द्यायचं छोटं लेखी निवेदन, दाखल केली. परिच्छेद चौदामधल्या कथनांवर आम्ही अवलंबून राहत नाही, त्यावर पुरावा देणार नाही. खाली त्यांची आणि अशिलाची सही. प्रत माझ्या हातात आली, न्यायाधीशांनी तिला निशाणी, म्हणजे नोंदीचा क्रमांक दिला, रोजनाम्यात (कामकाजाच्या रोजच्या नोंदीत) ती आली. माझा अर्ज बॅगेतच राहिला.

त्यानंतर जी उलटतपासणी झाली तशी कडक मी फार थोड्या पाहिल्या आहेत. आईच्या कामाच्या वेळा, मूल शाळेतून आल्यावर घरी कोण असतं, आजारपणाच्या रजा, पगाराच्या पावत्या, एकेक कागद समोर ठेवून त्यांनी तिला कोंडीत पकडलं. दोन ठिकाणी तिची उत्तरं आमच्या विरोधात गेली. अपमान करण्याच्या किंवा त्रास देण्याच्या हेतूचे प्रश्न कोर्टानं रोखावेत, ही तरतूद १८७२ च्या पुरावा कायद्यात होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. त्या दुपारी तिचा आधार घ्यायची वेळ आली नाही. मी हरकती घेतल्या त्या कागदपत्रांवर. सभ्यपणा म्हणजे बोटचेपेपणा असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या कोर्टात बसायला हवं होतं.

बाहेर आल्यावर माझी अशील घामानं भिजली होती. "फार अवघड विचारलं हो त्यांनी," ती म्हणाली, आणि जरा वेळानं, "पण सगळं मुलाबद्दलच विचारलं." नवऱ्याविरुद्ध सगळं बाहेर काढायचा विषय तिनं पुन्हा काढला नाही. मुलाची शाळा, डॉक्टरांचे कागद, शेजारणीची साक्ष, पुढची तयारी याचीच झाली.

पत्रकाचं वाचन झालं तेव्हा आम्ही दोघं शेजारी उभे राहून एकेक वाक्य आळीपाळीनं वाचलं. एका नव्या मुलीनं विचारलं, "समोरच्यानं हे पाळलंच नाही तर? तो ओरडत राहिला तर?"

उत्तर साहेबांनी दिलं. "तर त्याच्याकडे न बघता न्यायाधीशांकडे बघून बोलायचं. हरकत घ्यायची आणि ती नोंदवून घ्यायची. त्याच्या आवाजाला उत्तर द्यायचं नाही, मुद्द्याला द्यायचं. आणि बाहेर आल्यावर अशिलाला सांगायचं की आपण का ओरडलो नाही. ते सांगितलं नाहीस तर पुढच्या तारखेला तो दुसरा वकील शोधेल."

शेवटचं वाक्य पत्रकात नव्हतं. दुसऱ्या आवृत्तीत आम्ही ते घातलं.