तीनशे पंच्याहत्तर बटणं

२०२१ च्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या रात्री मुलं झोपल्यावर मी आणि हे वही घेऊन बसलो. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, पण कुणाचं किती देणं आहे ते असं एका पानावर आम्ही कधी मांडलंच नव्हतं. थोडं त्यांना ठाऊक, थोडं मला. एकमेकांना सांगितलं तर समोरचा घाबरेल म्हणून दोघंही गप्प. त्या रात्री सगळं लिहिलं. पतसंस्था १,१०,०००. मायक्रोफायनान्सच्या गटाची दोन कर्जं, ४२,००० आणि २८,०००. बँकेत सोनं ठेवून काढलेले ९०,०००. यांच्या क्रेडिट कार्डावर ३४,०००. माझ्या दादाकडून घेतलेले हातउसने ६०,०००. किराणा दुकानात ११,००० उधारी. बेरीज ३,७५,०००.

यांनी तीनदा बेरीज केली. मग वही मिटून बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले.

आमचं गाव बेळगावच्या दक्षिणेला, बसनं अर्ध्या तासावर. हे उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये सीएनसी मशीनवर आहेत, तेव्हा पगार १९,००० होता आणि ओव्हरटाइम मिळाला तर वर थोडे. मी घरी ब्लाऊज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते, त्याचे पाच-सहा हजार सुटतात. तांदूळ शेतातला. बाकी सगळं विकत.

हे देणं एका दिवसात झालं नव्हतं. आमच्याकडे गावची लक्ष्मी यात्रा बऱ्याच वर्षांनी एकदा भरते. भरली की घर रंगवायचं, लेकी-जावयांना, सोयऱ्या-धायऱ्यांना बोलवायचं, मानाच्या साड्या, मटणाच्या पंगती. २०१९ च्या उन्हाळ्यात आमची यात्रा झाली आणि घरातलं होतं नव्हतं ते संपलं. त्याच ऑगस्टमध्ये बेळगाव जिल्ह्यात महापूर आला. नदी आमच्यापासून लांब, पण त्या पावसानं घराची मागची मातीची भिंत बसली. ती बांधायला पतसंस्थेतून दीड लाख काढले. सहा महिन्यांत लॉकडाऊन लागला आणि कारखाना बंद. मायक्रोफायनान्सच्या आणि कार्डाच्या हप्त्यांना मार्च ते ऑगस्ट २०२० अशी सहा महिने सवलत मिळाली, पण त्या काळातलं व्याज चालूच होतं, हे आम्हाला नंतर कळलं. पतसंस्थेचे हप्ते थकले. सोनं गेलं ते तेव्हाच.

वही मांडल्यावर पहिली अडचण कागदांची आली. पतसंस्थेचा करार कन्नडमध्ये होता. मी मराठी शाळेत शिकले, कन्नड बोललेलं थोडंफार कळतं, पण कायद्याची भाषा वाचायला जमत नाही. सही करताना एकानं बोटानं जागा दाखवली, तिथं मी सही केली. दोन वर्षांनी माझी मुलगी, तेव्हा आठवीत, तो कागद घेऊन माझ्या मशीनशेजारी बसली आणि शाळेतल्या कन्नडच्या जोरावर एकेक शब्द लावत वाचू लागली. एका ओळीवर थांबली. म्हणाली, "आई, व्याज शिल्लक राहिलेल्या पैशावर नाही गं. शेवटपर्यंत दीड लाखावरच आहे."

बारा टक्के म्हणून आम्ही निवांत होतो. दीड लाखावर तीन वर्षांचं व्याज ५४,०००, म्हणून महिन्याला ५,६६७ चा हप्ता. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण दीड लाखावर आकारलेलं. बँकांसारखा शिल्लक रकमेवरचा दर काढला तर तो एकवीस टक्क्यांच्या वर जातो. याला फ्लॅट रेट म्हणतात. इकडं सीमाभागात कन्नड वाचता न येणाऱ्या घरांमधून असे किती कागद ट्रंकेत पडून असतील, याचा विचार आला की आजही मला झोप लागत नाही. तुमच्या घरी असा कागद असेल तर शाळेत कन्नड शिकणाऱ्या मुलाला हाताशी घेऊन आजच वाचा. यात लाज कसली?

मुख्य प्रश्न होता तो जिद्द टिकवण्याचा. पहिला महिनाभर अंगात वारं असतं. मग कळतं की तीन-चार वर्षं असंच चालणार आहे, आणि हातपाय गळतात.

माझ्या शिवणाच्या टेबलावर काचेची एक बरणी आहे. जुन्या शर्टांची बटणं मी त्यात साठवते. मी जाड दोरा घेतला आणि मशीनच्या बाजूला खिळ्याला बांधला. ठरवलं, देण्यातले हजार रुपये कमी झाले की एक बटण ओवायचं. नुसते पैसे भरले म्हणून नाही, देणं खरंच हजारानं उतरलं तरच. एकूण ३७५ बटणं.

क्रेडिट कार्ड किती खातं ते मला या माळेनं शिकवलं. आम्ही दर महिन्याला बिलावर छापलेली कमीत कमी रक्कम भरत होतो, १,७०० रुपये. ३४,००० वर महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे ११९० रुपये व्याज, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी. सतराशे भरून मुद्दलातले तीनशेसुद्धा कमी होत नव्हते. तीन महिने भरूनही कार्डाच्या नावानं एकही बटण ओवता आलं नाही. चौथ्या महिन्यात यांनी स्वतःच कात्री मागितली, माझी कापड कापायची मोठी कात्री, आणि कार्डाचे दोन तुकडे केले. त्यानंतर ओव्हरटाइमचा प्रत्येक रुपया तिकडं गेला.

पण सगळ्यात आधी फेडली ती किराण्याची उधारी. तिला व्याज नव्हतं, त्यामुळं हिशेबानं ती शेवटी यायला हवी होती. मी मुद्दाम पहिली घेतली. दुकान गल्लीच्या तोंडाला आहे. वर्षभर मी लांबच्या वाटेनं बसला जात होते. मार्च २०२२ मध्ये ११,००० पुरे केले, दुकानदार आण्णांनी वहीतल्या आमच्या पानावर आडवी रेघ मारली आणि मुलाच्या हातात चिक्की ठेवली. त्या दिवसापासून मी दुकानावरून जाते. एवढ्यानंसुद्धा माणसाला बळ येतं. माझं ठाम मत झालं आहे की पहिलं देणं लहान आणि रोज डोळ्यासमोर असलेलं निवडावं. व्याजाचा हिशेब दुसऱ्यापासून.

दुसरी गोष्ट मी केली ती घरात कुणालाच पटली नव्हती. जानेवारी २०२२ पासून रोज ५० रुपयांची पिग्मी सुरू केली, म्हणजे बँकेचा माणूस रोज दारात येऊन गोळा करतो ती छोटी बचत. पिग्मी आपल्याकडं घरोघरी माहीत आहे. १९२८ मध्ये उडुपीत, पुढं सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या बँकेनं रोज दोन आण्यांपासून ही पद्धत सुरू केली आणि ती कर्नाटकभर रुजली. मोठे भाऊजी म्हणाले, "अगं, कार्डाला बेचाळीस टक्के व्याज जातंय आणि तू तीन-चार टक्क्याला पैसे ठेवतीस? ते आधी कार्डात भर." हिशेबात ते चुकत नव्हते. मी त्यांना उलटं काही बोलले नाही, पण पिग्मी थांबवली नाही. हातात काहीच नसलं की पहिल्या आजारपणाला पुन्हा कर्ज, हे मी आधी दोनदा पाहिलं होतं.

पिग्मी बँकेत घातली, पतसंस्थेत नाही. बँक बुडाली तरी पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो, सहकारी बँकेलाही असतो. पतसंस्थेला तो नसतो. हे मला पिग्मीवाल्या काकांनीच सांगितलं. ते रोज संध्याकाळी सातच्या सुमारास स्कूटरवरून यायचे, हातातल्या मशीनमधून बोटाएवढी पावती निघायची. ती मी डब्यात टाकायची. कधी पन्नास नसले तर काका म्हणायचे, "वीस दे की, पण आज चुकवू नको." एखाद्या दिवशी मी वीसच दिले. रोज कुणीतरी दारात येऊन उभं राहतं, म्हणून सवय मोडत नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये मुलाला डेंग्यू झाला. चार दिवस दवाखान्यात, १४,००० रुपये बिल. त्याच आठवड्यात गटाच्या बैठकीत फील्ड ऑफिसर टॉप-अप, म्हणजे चालू कर्जावर आणखी कर्ज, द्यायला तयार होता, फक्त सही हवी होती. पिग्मीत तेव्हा सोळा हजारांच्या आसपास होते. मुदतीआधी मोडली म्हणून व्याज कापलं गेलं, पण मुद्दल सगळं मिळालं. बिल भरून आम्ही मुलाला घरी आणलं आणि वहीत एकही नवीन ओळ वाढली नाही. त्या संध्याकाळी काका आले तेव्हा मी पन्नासची पिग्मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. भाऊजी तिथंच होते. ते काही म्हणाले नाहीत. पुढच्या महिन्यात त्यांनीही पिग्मी सुरू केली.

सगळ्यात कठीण गेला तो मधला काळ, २०२३ चा उन्हाळा. कार्ड संपलं होतं. माळेवर दीडशेच्या वर बटणं होती, पण तेवढीच किंवा जास्त बाकी. नव्याचं बळ सरलेलं आणि शेवट दिसत नव्हता. भावकीत लग्न होतं, मी तीच जुनी साडी नेसले आणि एका बाईनं ते बोलून दाखवलं. घरी येऊन खूप रडले. आठ दिवस माळेकडं बघवलं नाही. मुलीनं मग एक काम केलं. माळ काढून जमिनीवर लांब पसरली, आणि राहिलेली बटणं दोऱ्याशिवाय पुढं मांडली. ओवलेली रांग उंबऱ्यापासून मशीनपर्यंत आली होती. पुढची रांग थोडीच जास्त होती. ती काही बोलली नाही. मी उठून शिवायला बसले.

त्याच जूनमध्ये कर्नाटकात बायकांना बस मोफत झाली. मला कपडे पोचवायला आणि खडे बाजारातून दोरे, अस्तर आणायला आठवड्यातून तीनदा बेळगावला जावं लागतं. तिकिटाचे पैसे मी तिथंच वेगळ्या पाकिटात टाकू लागले. पुढं राज्य सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला दोन हजार सुरू झाले. ते घरखर्चात धरायचेच नाहीत असं ठरवलं; आले की थेट देण्यात. गटाची दोन्ही कर्जंही तोवर संपत आली होती. मायक्रोफायनान्सचं कर्ज आधी फेडलं तर दंड घेता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम मला बैठकीतल्या एका शिकलेल्या मुलीनं सांगितला. २८,००० वाल्या कर्जाचे शेवटचे चार हप्ते एकदम भरून मी ते बंद केलं आणि देणं नसल्याचा दाखला हातात घेतल्याशिवाय उठले नाही. गटात एकीनं हप्ता चुकवला की बाकीच्यांवर येतो, त्यामुळं मी बाहेर पडले तरी शेजारणींची काळजी वाटायची. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य सरकारनं वसुलीच्या छळाविरुद्ध अध्यादेश काढला, तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायकांना मी तो पेपरमधून वाचून दाखवला.

त्याआधी, २०२३ च्या श्रावणात पतसंस्था संपली होती. उरले दादा आणि सोनं. सोन्याला व्याज होतं, दादाला नव्हतं. पण दादानं चार वर्षांत एकदाही पैशाचं नाव काढलं नव्हतं, आणि त्याचमुळं मी दोन भाऊबिजा काही ना काही कारण सांगून माहेरी गेले नव्हते. ते ओझं कुठल्याच टक्क्यात बसत नाही. म्हणून आधी दादा. २०२३ च्या भाऊबिजेला तीस हजार घेऊन गेले, उरलेले २०२४ च्या भाऊबिजेला. ओवाळून झाल्यावर पाकीट पुढं केलं. त्यानं न मोजता देव्हाऱ्यात ठेवलं आणि वहिनीला म्हणाला, "हिला आता वाढ, दोन वर्षं उपाशी हाय ही."

सोन्यावरच्या कर्जाचं नूतनीकरण दर वर्षी व्याज भरून करत होतो. २०२४ मध्ये भाव इतका चढला की त्याच दागिन्यांवर आणखी पैसे मिळत होते. काउंटरवर तसं विचारलंही. यांनी माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली. २९ मार्च २०२५, पाडव्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, गंठण आणि पाटल्या सोडवल्या. बँकेच्या पाकिटाचं सील फोडून त्यांनी वजन करून दाखवलं. गंठणाच्या वाटीला माझ्या लग्नातलं हळदीचं पिवळं अजून होतं. घरी आल्यावर शेवटचं बटण मुलानं ओवलं.

पिग्मी चालूच आहे, आता रोज शंभराची. पोस्टात पाच वर्षांची आरडी उघडली आहे, ६.७ टक्क्यानं, महिन्याला दोन हजार. पासबुकाच्या कव्हरवर यांनी पेनानं 'यात्रा' असं लिहिलं आहे. पुढची लक्ष्मी यात्रा जेव्हा केव्हा भरेल तेव्हा त्यात जेवढे असतील तेवढ्यातच पंगत बसेल, हे मी सासूबाईंना आत्ताच सांगून ठेवलं आहे. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "देवीला काय, भाजी-भाकरीचा निवद बी चालतोय."