तुम्ही विचारलंत म्हणून

गोव्यात, आमच्या पेडण्याच्या बाजारात, लग्नाच्या पंगतीत, परवा तर एका बाराव्यालासुद्धा: "काका, तुम्ही कस्टमच्या लाँचवर होता ना? मग ती चोरट्या सोन्याची होडी सुटली कशी?" विचारणारा हसतो आणि माझ्या घराच्या स्लॅबकडे बघतो. स्लॅब प्रॉव्हिडंट फंडाची आहे. पासबुक दाखवीन.

आम्ही तटरक्षक दलातले नव्हे. ते दल १९७७ला सुरू झालं, नौदलाच्या दोन जुन्या फ्रिगेट आणि पाच गस्ती नौका घेऊन. पाचांतल्या एकीचं नाव 'पणजी', पण ते इथे कुणाला खरं वाटत नाही. आम्ही कस्टमच्या लाँचवरचे खलाशी: तांडेल, सुकाणी, ग्रीझर. किनाऱ्यालगतचं पाणी आणि नद्यांची मुखं आमच्याकडे. कस्टम कायद्याचं कलम १०६ सांगतं, आधी खूण, मग पाठलाग, मग इशाऱ्याची तोफ, तरी थांबला नाही तर त्याच्यावर. नदीच्या मुखातल्या वाळूचं काय करायचं ते कलमात नाही.

नोव्हेंबर १९८७, शुद्ध अष्टमी, चंद्र बुडालेला. शापोरा नदीच्या मुखाबाहेर बिनदिव्याची होडी दिसली. खूण केली तशी ती आत पळाली. चाक माझ्या हातात, मागे साहेब ओरडतोय, "सोडू नको!" तेवढ्यात तांडेल नाळेवरून, लाँचच्या पुढच्या टोकावरून, किंचाळला, "पात्रांव, रेंव!" म्हणजे मालक, वाळू! मी थ्रॉटल खाली ओढला. होडी वाळूवरून सरकली आणि अंधारात गेली. तांडेलाने बांबू खाली सोडला. पाच फुटांवर टेकला. आमच्या लाँचला चार फूट पाणी लागायचं.

एक फूट जास्तच होतं. चौकशीत मी म्हणालो, ओहोटी होती. तिथीची पाऊणपट ही भरतीची वेळ, म्हणजे अष्टमीला सहाची भरती, बाराची सुकती. ही गोष्ट रात्री दीडची. पाणी चढू लागलं होतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. भांगेचं, म्हणजे अष्टमीचं कमी चढणारं पाणी ते, दीड तासात चढून चढणार किती, असं मी स्वतःला समजावतो. शिवाय लाट बसली की पाचाचे तीन होतात. सात माणसं होती लाँचवर.

पण खरं सांगायचं तर हात आधी गेला की हाक आधी आली, मला आठवत नाही. घाबरलो होतो. पैसे घेतले नाहीत. ही दोन्ही वाक्यं एकत्र ऐकायला कुणी तयार नसतं.

१९९२ला परदेशातल्या आपल्या लोकांना कर भरून ५ किलो सोनं आणायची मुभा मिळाली. पुढे शेजारचा मुलगा दुबईहून आला. त्याने दहा तोळ्यांचं बिस्कीट पावतीसकट माझ्या हातावर ठेवलं. माझ्या घरात आलेलं ते पहिलंच.

"काका, त्या होडीत अशी किती बिस्किटं असतील हो?"

म्हटलं, "पाणी पाच फूट होतं."