पेटी कोण रिकामी करणार?

ऑक्टोबरच्या शाळेच्या सुट्टीत पाच दिवस कॅम्पर, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी, भाड्याने घेतला आणि इथे न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चहून डोंगर ओलांडून ग्रेमाउथला मित्राकडे गेलो. मित्र म्हणजे ठाण्याच्या नौपाड्यातला, पहिलीपासूनचा. मधे धड अडीचशे किलोमीटरही नाहीत आणि चार वर्षांत भेटलो फक्त दोनदा. ठाण्यात असतो तर रोज तलावपाळीवर बसलो असतो असं आम्ही फोनवर म्हणतो, पण तो घोडबंदरला आणि मी कळव्याला राहिलो असतो तर कोण जातंय रोज त्या ट्रॅफिकमधून, जाऊ दे.

कॅम्परचे फोटो बघितलेच असतील, बेड कसा उघडतो वगैरे सांगत बसत नाही. पाऊस मात्र सांगायलाच हवा. समुद्रावरून पश्चिमेचे वारे येतात, सदर्न आल्प्सला अडतात आणि सगळं पाणी अलीकडेच ओततात. आमचं क्राइस्टचर्च डोंगराच्या पलीकडे, वर्षाला जेमतेम ६०० मिलिमीटर. ग्रेमाउथच्या खालच्या होकिटिकाला २,८०० च्या वर. म्हणजे सरळसरळ कोकण आणि देश, आणि आर्थर्स पास म्हणजे आमचा माळशेज. ओटिराच्या उंच पुलावर (१९९९ चा, ४४० मीटर लांब) वायपर फुल स्पीडला टाकूनही पुढचं दिसेना तेव्हा लेक मागून म्हणाली, बाबा, आजीकडे आल्यासारखं वाटतंय. मला एवढं भरून आलं की काच खाली केली. बायको ओरडली. वास मात्र कसलाच नाही, ना भज्यांचा ना डांबराचा ना गटाराचा. नुसतं गार.

आता मुद्द्याचं. इथे रस्त्याकडेला फुकट मुक्काम करायचा तर गाडी सेल्फ कंटेन्ड लागते. तीन दिवस बाहेरून काही न घेता, बाहेर काही न टाकता राहता आलं पाहिजे. माणशी रोजचं चार लिटर पाणी, सांडपाण्याची बंद टाकी, झाकणवाला कचऱ्याचा डबा. त्यात २०२३ च्या कायद्याने टॉयलेट गाडीत पक्कं बसवलेलं हवं, उचलून आणलेलं चालत नाही, आणि कळस म्हणजे बेड पूर्ण अंथरलेला असतानाही ते वापरता आलं पाहिजे. हे कुणीतरी बसून लिहिलंय! नाहीतर ४०० डॉलर दंड बसू शकतो. गाडी देणाऱ्या बाईने वीस मिनिटं माहिती दिली त्यातली पंधरा टॉयलेटवर. मी मान डोलावत होतो, कारण मनात पक्कं होतं की हे काम काही आपल्याकडे येणार नाही. कुणाकडे जाणार होतं ते मला आजही सांगता येत नाही.

दोन रात्री बाहेर काढून मित्राच्या दारात पोचलो तेव्हा पाऊस चालूच आणि टॉयलेटखालच्या मैल्याच्या पेटीचा लाल दिवा लागलेला. म्हणजे भरली. घरच्या कमोडात ओतू का असं वहिनींना विचारायची काही माझी हिंमत झाली नाही, त्या थालीपीठ थापत होत्या. मित्र म्हणाला, चल, गावात डंप स्टेशन आहे, असल्या पेट्या ओतायची जागा, मी छत्री धरतो. छत्री धरतो! लहानपणापासून हा असाच.

पेटी बाहेरच्या छोट्या दारातून ओढून काढायची. वीसेक लिटरची, चाकं असलेली, विमानात नेतो तशी बॅगच म्हणा. आमच्या पुढे एक म्हातारं जोडपं होतं. आजोबा रबरी हातमोजे घालून स्वतःची पेटी धूत होते आणि धुता धुता मित्राशी रग्बीबद्दल बोलत होते, भाजी निवडताना बोलतात तसं. मित्र हळूच म्हणाला, आमच्या पोराचे हेडमास्तर होते. माझी पाळी आली. नळीचं तोंड वळवलं, पेटी तिरकी केली आणि तिने असा डबक् डबक् आवाज करत उसळी मारली की माझ्या बुटावर... असो. तेवढ्यात आजी पुढे आल्या, न बोलता माझा अंगठा धरून एका पिवळ्या बटणावर दाबला. ते हवेचं बटण, ओतताना दाबून धरायचं, मग एकसारखं पडतं. पंधरा मिनिटांच्या मान डोलावण्यात हेच राहिलं होतं. मित्राची छत्री माझ्यावर नव्हती, आजींवर होती.

येताना गाडीत दोघं गप्प. मग तोच म्हणाला, आपल्या बिल्डिंगचा मागचा जिना आठवतो? लोखंडी, गोल गोल. संडास साफ करणारा माणूस त्या जिन्याने वर यायचा, पुढच्या जिन्याने नाही. आम्हाला तिथे खेळायला बंदी, बॉल गेला तर नवा घ्यायचा. तो माणूस दहा-बारा वर्षं येत होता आणि दोघांनाही त्याचं नाव आठवेना. खोटं कशाला बोलू, आठवेना नाही, माहीतच नव्हतं.

मी म्हटलं, पण बघ, कायद्यात आपण मागे नाही, मैला उचलायला लावण्यावर बंदी १९९३ पासून, २०१३ मध्ये आणखी कडक केली. आणि इथे माणसंच कमी, करणार काय, स्वतःच करावं लागतं. तो म्हणाला, हो ना. मग नदीकाठची भिंत दाखवायला घेऊन गेला. १९८८ मध्ये एकाच वर्षात दोनदा गाव बुडालं, म्हणून बांधली. इतक्या अभिमानाने दाखवत होता की जणू ह्यानेच विटा लावल्या. मी म्हटलं, वस्ती किती तुझ्या गावाची, आठेक हजार? एवढी माणसं आपल्याकडे संध्याकाळी एका ब्रिजवर असतात, ठाण्यात वंदना टॉकीजपाशी पाणी तुंबणारच. बायकोला नंतर हे सांगितलं तर म्हणाली, पुलावरच्या माणसांचा आणि पाणी तुंबण्याचा संबंध काय? आहे काहीतरी.

रात्री झोपण्यावरून भांडण. मित्र म्हणे घर असताना गाडीत झोपणार, लाज नाही वाटत? लेकीला पत्र्यावरचा पाऊस ऐकायचा होता, त्यामुळे त्या दोघी गाडीत आणि मी हॉलमध्ये गादीवर, पाय सोफ्याखाली, अगदी त्याच्या जुन्या घरातल्यासारखा. पण त्याआधी संध्याकाळी काकूंचा, म्हणजे त्याच्या आईचा, व्हिडिओ कॉल झाला, ठाण्यात सकाळचे साडेदहा. मित्राने फोन घेऊन पावसातच कॅम्पर फिरून दाखवला. गॅस बघितला, बेसिन बघितलं, काकू खूश. मग म्हणाल्या, आणि संडासाचं कोण करतं रे?

हा करतो, मित्राने कॅमेरा माझ्यावर फिरवला.

काकू आधी हसल्या. मग जरा जवळ येऊन बारीक आवाजात म्हणाल्या, आंघोळ केलीस ना रे नंतर?

केली म्हटलं. दोनदा. खरंच दोनदा केली होती.